पंच नंबर दोन

ढोके जमादाराच्या कमरेचं माप मला पाठ आहे.
दर दिवाळीला दोन इंच वाढतं.
ठाण्याची खाकी मीच शिवतो, म्हणून रात्री जीप निघाली
की आधी माझ्या दुकानाशी थांबते:
चाल बे गुणवंत, सही कराची हाये.

सतरा वर्षांत एकशेबारा सह्या.
त्यातल्या बऱ्याच कोऱ्या कागदावर.
वर नंतर कोणी काय लिहिलं
ते मी विचारलं नाही.
कापड ज्याचं, त्यानं पाहावं.

त्या रात्री देशमुखाच्या विहिरीवरची केबल गेली होती.
पौष होता, शेतात तुरीच्या गंज्या,
बोललं की तोंडातून वाफ.
केबल गेली की जीपला
रस्ता विचारावा लागत नाही.
नाल्यापलीकडे, बेड्यावर.

सुरमी पवारच्या घराला दार नाही.
तुराट्यांचा कुड, वर टिन, टिनावर दगड.
दाराच्या जागी युरियाच्या पोत्यांचा पडदा,
हाताने शिवलेला, टाका वाकडा पण घट्ट.
आणि पडद्याखाली आडवी मांडलेली
एक वीट.

ढोके म्हणाला, बाहेर ये वो. पोरगं कुठी हाये?
ती पडद्यामागूनच बोलली,
साहेब, तुमी आवाज देल्ला, मी आयकला.
इथलोक याले कोनाचीच मनाई नाही.
पन इटीच्या अलीकडे याचं असन
तं कागद दाखवा.

टॉर्चचा उजेड विटेवर पडला आणि तिथंच राहिला.

कायचा कागद? इचारपूस कराची हाये नुसती.
तं इचारा. तुमी तिकून, मी इकून.
ठान्यात चाल.
बाईले ठान्यात नाही बलावत, साहेब.
इचाराचं तं तिच्या घरी येऊन इचाराचं.
आन् तुमच्यासंगं बाई शिपाई कुठी हाये?

ती भांडत नव्हती.
बाजारात भाव सांगावा तशी सांगत होती.
तालुक्याच्या शिबिरात मिळालेला कागद
पोरीकडून रोज रात्री वाचून घ्यायची म्हणे,
चिमणीत तेल असेपर्यंत.

ढोके हसला. एकटाच हसला, म्हणून थांबला.
घर तरी हाये का हे? दार कुठी हाये याले?

मी मापाचा माणूस.
मला खरंच प्रश्न पडला.
दार नसलं तर उंबरठा कुठून मोजायचा?
देशमुखाच्या सागवानी चौकटीपुढे हाच ढोके
अंगणात टोपी काखेत धरून उभा असतो,
आतून चहा येईपर्यंत.
इथं तीन इंच वीट, तीही एका कोपऱ्यात फुटकी.
कायद्याची टेप लावली
तर दोन्हींचा आकडा एकच निघेल का?

पडद्याच्या फटीतून एक डोळा माझ्याकडे वळला.
टेलरभाऊ, तू पाच डाव आला इथं.
माह्या घरातून काय निंगालं
ते एक डाव तरी पायलं का,
सही कराच्या आंधी?

खिशातला पेन हाताला गार लागला.
मी म्हणालो, साहेब, चष्मा घरी रायला.
चष्मा माझ्या नाकावर होता.

सकाळी ते परत आले. कागद घेऊन, कारण लिहून,
उईके म्याडमला सोबत घेऊन.
सुरमीनं वीट स्वतःच बाजूला सरकवली.
एक गंज, दोन गोधड्या, तितराचा रिकामा पिंजरा,
पोरीचं सातवीचं भूगोलाचं पुस्तक.
झडतीला चार मिनिटं लागली.

मला सव्वा तास.
बाजेवर उन्हात बसून मी पंचनामा वाचला,
पहिल्या अक्षरापासून, बोट फिरवत,
शाळा सुटल्यापासून एवढं वाचलं नव्हतं.
एका ओळीत होतं: तांब्याची तार, अंदाजे दोन किलो.
मी विचारलं, हे कुठी होतं साहेब?

ढोके घड्याळाकडे बघत राहिला,
म्याडम माझ्याकडे.
यंदाच्या दिवाळीला खाकी माझ्याकडे येते की नाही, कोण जाणे.
बोट मी अजून
त्या ओळीवरून उचललं नव्हतं.